‘सगळं आत’ घ्यावं की नको? बार्बाडोसच्या किनाऱ्यावरचा हिशेब

मागच्या भागात आपण कॅरिबियन बेटांवर कधी जावं हे पाहिलं. त्यानंतर वडोदऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, दोघांनी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकलेत आणि बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये सहा रात्री राहायचं ठरलंय. एजंट म्हणतो, “ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या, डोक्याला ताप नाही.” ताई शाकाहारी आहेत, मद्य घेत नाहीत. यजमान संध्याकाळी एखादी बिअर घेतात. ताईंनी विचारलंय, “आम्ही दुसऱ्यांच्या दारूचे पैसे तर भरत नाही ना?”

प्रश्न नेमका आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याकडे महाबळेश्वरला किंवा उटीला हॉटेल घेताना एजंट ईपी, सीपी, एमएपी, एपी ही अक्षरं फेकतो. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. ऑल-इन्क्लुझिव्ह ही एपीच्या पुढची पायरी. तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, मद्य आणि बहुतेक ठिकाणी कयाक, स्नॉर्केलिंग असे इंजिनाशिवायचे पाण्यातले खेळ, सगळं एकाच दरात.

ही कल्पना मूळची कॅरिबियनची नाही. १९५० साली जेरार ब्लित्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर ‘क्लब मेड’ सुरू केला, तिथे ती रुजली. कॅरिबियनमध्ये तिला मोठं केलं जमैकाच्या गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट यांनी. त्यांचं पहिलं ‘सँडल्स’ १९८१ मध्ये माँटेगो बेला उघडलं. आज डॉमिनिकन रिपब्लिकच्या पुंता काना भागात किंवा जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर बरीच रिसॉर्ट्स याच पद्धतीवर चालतात. बार्बाडोसला मात्र अनेक हॉटेलं दोन-तीन योजना समोर ठेवतात. म्हणून तिथे निवड करावी लागते.

फरकाचा हिशेब करा

लोक चुकतात कुठे? ऑल-इन्क्लुझिव्हचा पूर्ण दर बघतात आणि “महाग” किंवा “स्वस्त” म्हणून मोकळे होतात. बघायचा असतो तो दोन योजनांमधला फरक. आता मी धरतोय ते आकडे समजण्यापुरते आहेत. तुम्ही तुमच्या हॉटेलचे घाला.

समजा, खोली आणि नाश्ता दोघांना रोज ६०० डॉलर. ऑल-इन्क्लुझिव्ह ९०० डॉलर. म्हणजे रोजचा फरक ३००, सहा रात्रींचा १,८००.

आता ताई आणि यजमान रिसॉर्टमध्येच पैसे देऊन खातात असं धरू. दुपारचं जेवण ६०, रात्रीचं १२०, दोन बिअर १६, रस-कॉफी वगैरे २४. झाले २२०. त्यावर सेवाशुल्क आणि कर मिळून शेकडा २० धरा, म्हणजे २६४. तीनशेपेक्षा ३६ डॉलर कमी. फरक फार नाही, हे लक्षात घ्या. रोज पंधरा डॉलरची दोन कॉकटेल जास्त झाली की करासकट बरोबर ३६ होतात आणि दोन्ही योजना समान पडतात.

दुसरं जोडपं बघा. जेवण तेवढंच, पण पोहता पोहता, जेवताना, रात्री मिळून दोघांची दहा कॉकटेल होतात. त्यांचं बिल ४२५ डॉलरच्या घरात जाईल. त्यांनी डोळे मिटून ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावं.

ताईंचं पारडं खरं हलतं ते बाहेर पडण्याने. समजा सहापैकी दोन दिवस ते दुपारी-रात्री बाहेर जेवले आणि टॅक्सीसकट रोज १२० डॉलर गेले. मग चार दिवसांचे १,०५६ आणि दोन दिवसांचे २४०, एकूण १,२९६. ऑल-इन्क्लुझिव्हपेक्षा ५०४ डॉलर कमी. मद्य कमी घेतल्याने ताईंचे थोडेच वाचतात, रिसॉर्टबाहेर जेवल्याने जास्त वाचतात.

एक बारकावा. तक्त्यातले दर कोणत्या डॉलरमध्ये आहेत ते विचारा. २ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकन डॉलर, हा दर ठरलेला आहे. चलन न बघता हिशेब केला तर तो थेट दुप्पट किंवा निम्मा होतो.

रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काय आहे?

याचं उत्तर बेटागणिक बदलतं. पुंता कानाला अनेक रिसॉर्ट्सच्या आसपास चालत जाण्यासारखं गाव नसतं, तिथे ऑल-इन्क्लुझिव्हच सोयीचं. सेंट लुशिया डोंगराळ आहे. रस्ते वळणांचे, रात्री जेवायला जाऊन परत येणं हाच एक प्रवास.

बार्बाडोस मात्र जेमतेम ३४ किलोमीटर लांब. वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात. किनाऱ्याच्या रस्त्याने बस आणि ‘झेडआर’ नावाच्या खच्चून भरलेल्या व्हॅन धावतात. सगळे किनारे सार्वजनिक आहेत. पश्चिमेला होलटाउनमध्ये चालत फिरून जेवता येतं. दक्षिणेला ऑइस्टिन्सच्या कोळीवाड्यात शुक्रवारी रात्री मासळी भाजण्याच्या चुली पेटतात, गाणी लागतात, गावकरी आणि पाहुणे एकाच बाकावर बसतात. तुमचं जेवण रिसॉर्टमध्ये आधीच भरलेलं असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी पाय निघत नाही. “पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे?” एवढ्या एका विचाराने माणसं बेट न बघता परत येतात.

शाकाहारी मंडळींसाठी

मोठ्या रिसॉर्टमध्ये उपाशी राहाल असं नाही. बुफेत कोशिंबिरी, फळं, पास्ता असतं. पण सहा रात्री पास्ता खाऊन पाहा! आणि मांस-मासे, महागडं मद्य धरून ठरलेला दर तुम्हाला सवलत देत नाही. बहुतेक ठिकाणी एका खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकच योजना घ्यावी लागते. ताईंची शंका इथे खरी ठरते.

बाहेर पर्याय आहेत. रास्ताफारी लोकांचं ‘आयटल’ जेवण वनस्पतींवर आधारलेलं असतं. वेस्ट इंडिजभर रोटी मिळते, ती उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांनी तिथे नेली. बार्बाडोसचं कूकू म्हणजे मका आणि भेंडीची उकडच समजा, फक्त सोबत मासा असतो, तो नको म्हणावं. कोकणातला नीरफणस तिथेही ताटात येतो. मात्र भात-वाटाण्यात बऱ्याचदा खारवलेलं मांस घालून शिजवतात, तेव्हा विचारून घ्या.

वेळेचा फरक आणि वादळ

बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपलं शरीर पहाटेचे साडेचार समजतं. पहिले दोन दिवस रात्रीच्या जेवणाला तुम्ही झोपलेले असाल आणि पहाटे तीनला भूक लागेल. आपल्याकडून थेट विमान नसल्याने बहुधा दुपारी-संध्याकाळी पोहोचाल, पण योजनेचा दर पूर्ण रात्रीचा लागेल.

दुसरी गोष्ट वादळाची. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाला. जगज्जेता संघ हॉटेलात अडकला, ४ जुलैला खास विमानाने दिल्लीत उतरला. तुमच्या-माझ्यासाठी खास विमान येणार नाही. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. या काळात ऑल-इन्क्लुझिव्हमुळे ठरलेल्या दिवसांचं जेवण नक्की असतं, वाढलेल्या रात्री मात्र फुकट मिळतात असं गृहीत धरू नका. त्यासाठी प्रवास विमा लागतो.

पैसे भरण्याआधी ई-मेलने विचारा

रिसॉर्टमधली कोणती रेस्टॉरंट्स योजनेत आहेत, आणि कोणत्या पदार्थांना जादा पैसे पडतात? टिप आणि सेवाशुल्क आत आहे का? स्कूबा, जेट-स्की, स्पा, विमानतळावरची गाडी यांपैकी काय बाहेर आहे? खोली सोडल्यावर विमानाच्या वेळेपर्यंत जेवण-पाणी मिळेल का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: नाश्त्याच्या योजनेवर येऊन तिथे गेल्यावर योजना वाढवता येईल का? काही हॉटेलं हे करू देतात. उत्तर लेखी घ्या, एजंटच्या शब्दावर राहू नका.

मग ताईंनी काय करावं?

माझं मत सांगतो. पूर्ण सहा दिवस वाळूत पडून राहायचं असेल, पाकीट काढायचंच नसेल, तर त्या निवांतपणालाही किंमत असते. ती रोज तीस-चाळीस डॉलर असेल तर देऊन टाकावी, अपराधी वाटून घेऊ नये. मुलं बरोबर असतील, दर अर्ध्या तासाला आइस्क्रीम आणि रस मागत असतील, तरीही घ्यावी.

पण ताईंनी पत्रात आणखी एक ओळ लिहिली आहे. यजमानांना केन्सिंग्टन ओव्हल बघायचंय आणि ताईंना ऑइस्टिन्स. ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांनी फाटकाच्या आतल्या जेवणाचे पैसे आधी भरू नयेत. ताई, नाश्त्याची योजना घ्या. वाचलेल्या पैशांतले थोडे एका रात्रीच्या उत्तम जेवणासाठी वेगळे ठेवा, समुद्रासमोर, दोघंच.

आणि हो, गेल्यावर काय खाल्लंत ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.