बेसिएर गांवचा वसंतोत्सव

वसंताचें कौतुक कसें करावें हें आम्हां भारतीयांस कोणी शिकवावयास नको. गीतेंत भगवंतांनीं ऋतूंमध्यें वसंत ही आपली विभूति म्हणून सांगितली आहे, आणि कालिदासापासून तों घरांतील आजीबाईंच्या ओव्यांपर्यंत आम्रमंजरी व कोकिळ यांचा सारखा संचार आहे. परंतु आमचा वसंत पडला सुखवस्तु. आमच्याकडील हिंवाळा तो काय! सकाळीं शाल पांघरावी आणि दहा वाजतां ती खुंटीला टांगावी. यूरोपांत मात्र वसंत असा सहजासहजीं हातीं लागत नाहीं. तेथें महिनेच्या महिने झाडें खराट्यासारखीं उघडीं उभीं असतात, पांच वाजण्याच्या सुमारास दिवे लावावे लागतात, आणि मग कोठें मार्चाच्या उन्हांत पहिला अंकुर डोकें वर काढतो. उपवासानंतरच्या पारण्याची गोडी जशी निराळी, तशीच या वसंताची. फ्रान्समधील एका लहानशा गांवांत हें पारणें कसें फेडतात, आणि धर्मश्रद्धा पूर्वीसारखी राहिली नसतांहि तें कां टिकून आहे, हें वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखाचा हेतु आहे.

नैर्ऋत्य फ्रान्समध्यें तुलूज नांवाचें मोठें शहर आहे. त्याच्या ईशान्येस सुमारें ३० किलोमीटरवर, तार्न नदीच्या कांठीं, बेसिएर हें गांव वसलेलें आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्याकडील एखाद्या बाजारच्या गांवाएवढी. या प्रांतांत बांधकामासाठीं दगडापेक्षां वीट अधिक, आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हांत तिचा तांबूसपणा गुलाबी होऊन जातो. भोंवतीं शेतें आहेत, आणि नदीच्या वरच्या अंगास गायाक येथील जुने द्राक्षमळे.

हिंवाळा सरतां सरतां येथें गवताआडून जांभळ्या व्हायोलेट फुलांचा वास येऊं लागतो. तुलूज शहराची तर या फुलासाठीं ख्यातीच आहे. मागोमाग पिवळे नर्गिस, मग आलुबुखार व चेरी यांचा पांढरा मोहोर. एप्रिलांत कोल्झा नांवाच्या तेलबियांचीं शेतें फुलतात. हें पीक आमच्या मोहरीच्या कुळांतलें, म्हणून त्याचा पिवळा रंगहि ओळखीचा. पाकोळ्या आफ्रिकेहून परततात आणि गोठ्याच्या आढ्याला असलेल्या जुन्या घरट्यांची चिखलानें डागडुजी करूं लागतात. आणि कुकू पक्षी बोलूं लागतो. आमचा कोकिळ व हा कुकू एकाच कुळांतले. कोकिळाला संस्कृतांत ‘परभृत’ म्हणतात, कारण त्याचें पालन कावळ्याच्या घरट्यांत होतें. कुकूची मादीहि आपलें अंडें परक्याच घरट्यांत टाकते. वसंताची द्वाही फिरविण्याचें काम दोन्ही देशांत अशा परगृहीं वाढलेल्या पक्ष्याकडे असावें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

पण हा वसंत विश्वासाचा नव्हे. एप्रिलांत अंगावरचा एक धागाहि कमी करूं नये, अशी तेथें म्हणच आहे. मे महिन्याच्या ११, १२ व १३ या तारखा ज्या तीन संतांच्या, त्यांना लोक ‘हिमसंत’ म्हणतात. ते होऊन गेल्यावांचून जाणता माळी कोंवळीं रोपें उघड्यावर लावीत नाहीं. २०२१ सालीं मार्चअखेर उन्हाळ्यासारखी ऊब पडली. वेलींना व झाडांना अकालीं डोळे फुटले. ४ एप्रिलला ईस्टर झाला, आणि त्याच आठवड्यांत कडाक्याच्या थंडीनें दहिंवर गोठलें. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनीं वेलींच्या ओळींमधून मेणाचे मोठे दिवे रात्रभर तेवत ठेवले. दुरून पाहणारास ती दीपावली वाटली असती; जवळ उभा असलेल्या कुणब्याच्या मनांत मात्र वर्षाच्या अन्नाची चिंता होती. तरीहि देशभर द्राक्षमळ्यांचें व फळबागांचें अतोनात नुकसान झालें. वसंताच्या स्वागतांत तेथील शेतकऱ्याला आनंदाइतकीच धाकधूक असते, ती यामुळें.

आतां ईस्टरचा काल कसा ठरतो तें पाहूं. पंचांग हाताळणाऱ्या घरांना हा विषय खचित आवडेल. येशूचें मरणानंतर पुनरुत्थान झालें, त्या स्मरणाचा हा सण. तो ज्या दिवसांत घडला ते यहुद्यांच्या ‘पेसाह’ या सणाचे दिवस होते, म्हणूनच फ्रेंच भाषेंत ईस्टरला ‘पाक’ हें त्या शब्दापासून आलेलें नांव आहे. सर्व ख्रिस्ती मंडळींनीं तो एकाच रविवारीं पाळावा असें इ. स. ३२५ मध्यें निकिया येथील धर्मपरिषदेनें ठरविलें. पुढें स्थिर झालेला नियम असा: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामुळें हा सण २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. सूर्यावरून ऋतु, चंद्रावरून तिथि आणि शेवटीं वार, अशी ही तिहेरी गांठ आहे. २०२३ सालीं चैत्री पौर्णिमेस, ६ एप्रिलला, आमच्याकडे हनुमानजयंती झाली आणि लगोलग ९ एप्रिलला ईस्टर आला. २०२४ सालीं मात्र तो होळीच्या पौर्णिमेमागून ३१ मार्चलाच येऊन गेला. सारांश, दोन्हीं धर्मांचे लोक आकाशांतील एकाच चंद्राकडे पाहून वसंताचा मुहूर्त काढीत आले आहेत.

ईस्टरपूर्वींच्या रविवारीं येशूच्या यरुशलेमप्रवेशाचें स्मरण करतात. त्या वेळीं लोकांनीं खजुराच्या झावळ्या हालवून त्याचें स्वागत केलें होतें. पण फ्रान्सांत खजूर सर्वत्र कोठून मिळणार? म्हणून पुष्कळ ठिकाणीं ‘बुई’ नांवाच्या सदाहरित झुडपाच्या, आणि दक्षिणेस ऑलिव्हच्या डहाळ्या देवळांत मंत्रून घेतात व घरीं क्रूसाशेजारीं खोंवून ठेवतात. मग येतो गुरुवार. त्या सायंकाळच्या उपासनेनंतर देवळांतील घंटा मुक्या होतात, त्या शनिवारीं रात्रीं ईस्टरची उपासना होईपर्यंत. वसईस किंवा गोव्यास राहिलेल्या वाचकांना हें मौन ठाऊक असेल. परंतु फ्रेंच मुलांना त्याचें जें कारण सांगतात तें फार गोड आहे. घंटा कोठें गेल्या? तर त्या उडून रोमला गेल्या! रविवारीं परत येतांना वाटेंत त्या घरोघरच्या बागांत चॉकोलेटचीं अंडीं टाकीत येतात, आणि सकाळीं मुलें तीं झुडपांआड शोधीत फिरतात. अल्सास प्रांतांत हेंच काम जर्मन लोकांप्रमाणें सशाकडे आहे.

घंटा ‘गांवीं’ गेलेल्या असतां उपासनेची वेळ कोणी कळवावयाची? पूर्वेकडील कांहीं खेड्यांत हें काम परंपरेनें मुलांचें आहे. गरगर फिरवितांच कडकडाट करणारीं लांकडी वाद्यें घेऊन तीं रस्तोरस्तीं हिंडतात, आणि शेवटीं आपल्या चाकरीबद्दल घरोघरून अंडीं, मिठाई किंवा पैसे वसूल करतात. गांवची घंटा होण्याचा मान दहा वर्षांच्या मुलाला मिळावा, हें शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेंहि मनन करण्याजोगें आहे.

अंड्याचा संबंध या सणाशीं कसा आला? बहुतेक वाचकांच्या पानांत हा पदार्थ येत नाहीं हें जाणूनच लिहितों. पण रूढीचें मूळ शोधतांना सोंवळें आड येऊं देऊन चालत नाहीं. ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचें व्रत असतें, आणि पूर्वीं त्यांत मांसाबरोबर अंडींहि वर्ज्य असत. परंतु कोंबडीला व्रत कळत नाहीं. दिवस मोठा होऊं लागला कीं ती अधिक अंडीं देते, आणि तो काळ नेमका हाच. त्यामुळें व्रत संपतां संपतां घराघरांत अंड्यांचा सांठा होई. तीं उकडावीं, रंगवावीं आणि शेजाऱ्यांना व मुलांना वांटावीं, हें ओघानेंच आलें. व्यवहारांतून निघालेल्या या रीतीला पुढें अर्थहि चांगला चिकटला. निर्जीव दिसणाऱ्या कवचांतून जीव बाहेर यावा, हें पुनरुत्थानाचें चिह्न ठरलें. आमच्याकडे पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात, कारण एकदां अंडें होऊन व एकदां अंडें फोडून तो दोनदां जन्मतो. आणि उपनयन झालेल्या बटूलाहि आम्ही तेंच नांव देतों. विश्वाचा आरंभ अंडें फुटून झाला, ही कथा छांदोग्योपनिषदांत आहेच.

बेसिएर गांवानें या अंड्याचा जो उत्सव मांडला आहे, तो पाहण्यास लांबलांबचे लोक येतात. नेपोलियन एकदां सैन्यासह या भागांत उतरला असतां खानावळवाल्यानें त्याला ऑम्लेट करून वाढलें. तें इतकें आवडलें कीं दुसऱ्या दिवशीं गांवांतील सारीं अंडीं गोळा करून फौजेसाठीं एकच महाऑम्लेट करण्याची आज्ञा झाली, अशी दंतकथा आहे. इतिहासाची कसोटी तिला न लावलेली बरी. निश्चित गोष्ट एवढीच, कीं १९७३ सालीं गांवच्या मंडळींनीं एक संघ काढला, त्याला ‘महाऑम्लेटाच्या सरदारांचा विश्वबंधुसंघ’ असें भारदस्त नांव दिलें, आणि ईस्टरनंतरच्या सोमवारीं चौकांत प्रचंड ऑम्लेट करण्याचा परिपाठ पाडला.

अंडीं १५,००० आणि तव्याचा व्यास ४ मीटर, म्हणजे सुमारें १३ फूट. आमच्या वाड्यांतील एक खोली या तव्यांत सहज मावेल. आयुष्यभर मुलांना त्रैराशिकें घातलेल्या मनुष्यास येथें हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. एका मनुष्यानें मिनिटाला दहा अंडीं फोडलीं, तरी न थांबतां २५ तास लागतील. पन्नास जण बसले तर काम अर्ध्या तासांत होतें. म्हणून फोडणारे अनेक, फेंटणारे अनेक. लांकडांच्या जाळावर तवा चढतो, उंच पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी वल्ह्यांसारखे लांब लांकडी उलथणे घेऊन त्याच्याभोंवतीं उभे राहतात आणि एका तालांत ढवळूं लागतात. तयार झाल्यावर पावाबरोबर तें हजारों लोकांना फुकट वांटतात. पंक्तीला बोलावणें नाहीं, तिकीट नाहीं. जो आला तो पाहुणा.

हें वेड संसर्गजन्य निघालें. बेल्जियममधील माल्मेदी, कॅनडांतील ग्रॅनबी, अर्जेंटिनांतील पिग्वे आणि अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांतलें अबेव्हिल, अशा गांवांनीं हाच उत्सव उचलला. अबेव्हिल येथें ५,००० अंड्यांपासून आरंभ झाला आणि दरवर्षीं त्यांत एकाची भर घालतात. घरांतील मुलाच्या वाढदिवशीं एक दिवा अधिक लावावा, तसेंच हें.

आतां या साऱ्याची दुसरी बाजू. फ्रान्स हें आज मोठें श्रद्धाळू राष्ट्र राहिलेलें नाहीं. राज्यक्रांतीच्या काळांत तर १७९३ पासून १८०५ च्या अखेरपर्यंत पंचांगच बदललें होतें. आठवडा दहा दिवसांचा करून रविवार काढून टाकला, आणि वसंताच्या महिन्यांना अंकुर, फुलें व कुरणें यांवरून नवीं नांवें दिलीं. आमच्या वैदिक मधु-माधवांची आठवण करून देणारीं तीं नांवें सुंदर होतीं, पण टिकलीं नाहींत; कारण तीं वरून आलीं होतीं. त्याच धामधुमींत असंख्य घंटा उतरवून वितळविण्यांत आल्या. १९०५ च्या कायद्यानें शासन व धर्मपीठ कायमचीं विभक्त झालीं. ईस्टरच्या सोमवारची सुटी मात्र १८८६ पासून आजतागायत चालू आहे. खेड्यांतून पाद्री दुर्मिळ झाले असून एकेकाला अनेक गांवें सांभाळावीं लागतात, आणि पुष्कळ ठिकाणीं घंटा दोराऐवजीं विजेच्या यंत्रानें वाजतात.

त्यांतच शहरांतून खेड्यांत राहावयास येणाऱ्या कांहीं मंडळींना घंटेचा नाद व कोंबड्याचें आरवणें यांचाहि त्रास होऊं लागला. ओलेरॉन बेटावरील मॉरिस नांवाच्या कोंबड्याविरुद्ध शेजाऱ्यांनीं फिर्याद केली. २०१९ सालीं न्यायालयानें निकाल कोंबड्याच्या बाजूनें दिला! पुढें २९ जानेवारी २०२१ च्या कायद्यानें खेड्यांतील नाद व गंध यांना देशाच्या वारशांत स्थान मिळालें. कायदा चांगला खरा. पण कायद्यानें घंटेचा आवाज राखतां येतो, तो कान देऊन ऐकणारा निर्माण करतां येत नाहीं.

२०२० च्या वसंतांत साऱ्या फ्रान्सांत टाळेबंदी होती. १२ एप्रिलला ईस्टर आला, पण गर्दी जमविण्यास मनाई असल्यामुळें चौकांत एकत्र येण्याचा मार्गच खुंटला. तत्पूर्वीं २५ मार्चच्या सायंकाळीं देशभरांतील देवळांच्या घंटा एकाच वेळीं वाजविण्यांत आल्या होत्या. एरवीं देवळाची पायरी न चढणाराहि त्या सायंकाळीं खिडकी उघडून उभा राहिला असेल, तर त्यांत नवल वाटावयास नको.

या सर्वांतून मला जें दिसतें तें असें. परंपरा जुनी असते म्हणून टिकते, ही आमची समजूत अपुरी आहे. बेसिएरचा उत्सव १९७३ चा. आमच्या घरांतील कित्येक सुना त्याहून वयानें मोठ्या असतील. तरी तो रुजला, कारण त्यांत प्रत्येकाला कांहीं तरी काम आहे: कोणी लांकडें रचतो, कोणी अंडीं फोडतो, कोणी पाव कापतो. ज्याच्या हाताला काम मिळालें त्याला सण आपला वाटतो. ज्याला नुसतें पाहावयास बसविलें त्याला घंटेचा नादहि गोंगाट वाटूं लागतो. आमच्या एकत्र कुटुंबांत पाडव्याची गुढी उभारतांना काठी वडिलांनीं धुवावी, गांठी आजीनें ओवावी, आणि कडुलिंबाचा डहाळा आणावयास धाकट्याला पाठवावें, ही जी जुनी वांटणी आहे, तिच्यांतील शहाणपण हेंच. मुलें सणांकडे पाठ फिरवितात म्हणून खंत करणाऱ्या वडील मंडळींनीं, यंदाच्या सणांत आपण त्यांच्या हातीं कोणतें काम दिलें होतें, याचा आधीं विचार करावा.