पिळांचा हिशेब : गळाच्या रिळावर नवी दोरी भरताना

गळाच्या रिळावर नवी दोरी भरणे म्हणजे दीडशे-दोनशे मीटर लांबीचा धागा विकतच्या गुंडाळीवरून काढून रिळाच्या स्पूलवर नेणे. काम पंधरा मिनिटांचे आहे. पण तेवढ्यात दोरीत शिरलेला पीळ पुढे कित्येक महिने तिच्यात राहतो. खडपावर उभे राहून गळ फेकताना दोरी मध्येच आखडते, तिची वेटोळी एकमेकांत अडकतात आणि दोष वाऱ्याला दिला जातो. त्या गुंत्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा दोरी भरण्याच्या दिवशीच पडलेले असते.

रिळांचे मुख्य प्रकार दोन. एकात स्पूल स्वतः फिरते, पतंगाच्या फिरकीसारखे. दोरी त्यावर सरळ येते, सरळ जाते, तिला पीळ पडत नाही. दुसऱ्या, आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात गुंडाळताना स्पूल फिरत नाही. त्याच्याभोवती तारेची एक कमान फिरते आणि दोरी त्यावर चढवते. फेकताना ही कमान उघडली की दोरी स्पूलच्या पुढच्या काठावरून वेटोळ्यावेटोळ्याने सुटते. जड स्पूलला गती देण्याची गरज उरत नाही, त्यामुळे हलका गळही लांब जातो. पिळाचा प्रश्न येतो तो याच प्रकारात.

तो समजण्यासाठी एक रिबीन आणि एक बाटली पुरते. रिबिनीचे बाटलीभोवती दहा वेढे सपाट घालावेत आणि बाटली न फिरवता रिबीन तोंडाकडून ओढून काढावी. सरळ ताणल्यावर तिच्यात बरोबर दहा पीळ मोजता येतात. बाटली फिरवून रिबीन सोडवली, तर एकही पीळ पडत नाही. चरखा नेमका याच नियमावर चालतो. चातीच्या टोकाशी धागा तिरका धरला की चातीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक वेढा टोकावरून निसटतो आणि धाग्याला एक पीळ देतो. कापसाच्या पेळूचे सूत होते ते या पिळामुळे. चरख्यावर जे साध्य असते, तेच रिळावर संकट ठरते.

रिळांचा इतिहासही या नियमाशी झटण्यातच गेला. स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॅलोक यांच्या 1884 सालच्या रिळात फेकताना स्पूल काटकोनात वळवले जाई आणि दोरी त्याच्या काठावरून सुटे. परत गुंडाळताना मात्र ते पूर्ववत करून फिरवले जाई. जाताना पडलेला पीळ येताना निघत नसे. म्हणून स्पूल उलटे बसवण्याची सोय करावी लागली, म्हणजे काही काळाने विरुद्ध दिशेचा पीळ पडून आधीचा फिटे. 1905 मध्ये इंग्लंडमधील अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. ते लोकरी सुताच्या गिरण्यांच्या व्यवसायातले होते, आणि चात्या नि कांड्यांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला ही रचना सुचावी यात नवल नाही. तिचे खरे सौंदर्य हिशेबात आहे. कमान फिरताना प्रत्येक वेढ्याला दोरीत एक पीळ भरते आणि फेकताना त्याच वेढ्यागणिक तो निघून जातो. येणे आणि जाणे जुळते.

दोरी भरताना हा हिशेब बिघडतो, कारण त्यात आता दुसरी गुंडाळी येते. विकतची गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवून दोरी तिच्या काठावरून ओढली, तर बाटलीचाच प्रयोग घडतो. गुंडाळीचा सरासरी व्यास 80 मिलिमीटर धरला तर एक वेढा सुमारे 25 सेंटिमीटरचा होतो आणि 150 मीटर दोरीत जवळजवळ 600 पीळ शिरतात. रिळाच्या स्पूलचा सरासरी व्यास 40 मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच दोरीचे त्यावर सुमारे 1,200 वेढे बसतात. गुंडाळी उताणी ठेवली आहे की पालथी, यावर तिच्या पिळाची दिशा ठरते. दिशा विरुद्ध असेल तर रिळावरच्या दोरीतला पीळ निम्म्यावर येतो. एकच असेल तर तो 1,800 पर्यंत चढतो. म्हणूनच गुंडाळीची चिठ्ठी लावलेली बाजू वर ठेवावी, पंधरा-वीस वेढे घेऊन दोरी सैल सोडावी आणि ती आपोआप गुरफटू लागली तर गुंडाळी उलटावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो.

सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रिळाने घातलेले 1,200 पीळ उसने असतात. फेकताना ते परत जातात. गुंडाळीने घातलेले 600 मात्र सरळ झालेल्या दोरीत शिल्लक राहतात, मग गुंडाळी उताणी असो वा पालथी. ते मुळातच टाळायचे तर गुंडाळीच्या भोकात पेन्सिल किंवा सळई घालून ती चाकासारखी फिरू द्यावी. आडवी गुंडाळी ठेवण्यापेक्षा ही पद्धत सरस, कारण तीत बाहेरून एकही पीळ येत नाही. स्वतः फिरणाऱ्या स्पूलच्या रिळासाठीही हीच पद्धत योग्य. तिथे दोन्ही स्पूल एकाच दिशेने फिरतील एवढे पाहावे, म्हणजे दोरीचा मूळ बाक कायम राहतो.

बाकाचा संबंध दोरीच्या द्रव्याशी आहे. पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या, तागासारख्या तंतूंच्या किंवा घोड्याच्या केसांच्या असत. 1935 मध्ये ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले आणि त्यानंतर एकपदरी नायलॉनने, म्हणजे आपल्या ओळखीच्या तंगुसाने, हे क्षेत्र व्यापले. तंगूस दीर्घकाळ गुंडाळलेला राहिला की वेटोळ्यांचा आकार धरून ठेवतो. नायलॉन पाणी शोषते आणि पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्यांमधले बंध सैल करतात. त्यामुळे भरण्यापूर्वी गुंडाळी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली की दोरी नरम पडते आणि नव्या स्पूलवर निमूट बसते. फ्लुओरोकार्बनची दोरी पाणी जवळजवळ शोषत नाही. ती अधिक ताठ असते, म्हणून स्पूल थोडे कमी भरावे.

विणलेल्या दोरीची गोष्ट वेगळी. ती अतिदीर्घ साखळ्यांच्या पॉलिएथिलीनची असते; पाण्यापेक्षा हलकी, अत्यंत बळकट, जवळजवळ न ताणली जाणारी आणि कमालीची गुळगुळीत. गुळगुळीतपणामुळे धातूच्या स्पूलवर तिचा सगळा गठ्ठाच घसरून फिरतो आणि मोठा मासा लागला असता ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणारी रिळाची पकड, घट्ट करूनही दोरी सुटत राहते. उपाय म्हणून तळाशी तंगुसाचे आठ-दहा वेढे घालतात किंवा चिकटपट्टीचा एक तुकडा लावतात. ही दोरी भरताना ओल्या फडक्यात चिमटीने दाबून चांगली ताणलेली हवी. सैल भरली तर पुढे जोर येताच वरचे वेढे खालच्यांमध्ये रुततात आणि पुढच्या फेकीला अडकून बसतात. तंगुसाला एवढा ताण नको. तो ताणला जातो आणि आखडू पाहतो. शेकडो वेढ्यांचे असे आवळणे साचले की हलके स्पूल वाकडे होऊ शकते.

किती भरायचे हेही ठरलेले आहे. स्पूलच्या काठाखाली दोन ते तीन मिलिमीटर जागा ठेवावी. जास्त भरल्यास वेढे एकदम निसटतात. कमी भरल्यास सुटणारी दोरी काठाला घासत जाते आणि फेकीचे अंतर घटते. ड्रॅगवरही परिणाम होतो. ड्रॅगची पकड तीच असली तरी दोरीवर येणारा जोर गुंडाळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दोरी सुटत जाऊन त्रिज्या निम्मी झाली की तीच पकड दुप्पट जोराची ठरते आणि नेमकी मासा दूर पळाल्यावर दोरी तुटते.

स्पूलवर लिहिलेली क्षमता एकाच जाडीसाठी असते. मावणारी लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 0.30 मिलिमीटरची 150 मीटर दोरी मावत असेल, तर 0.25 मिलिमीटरची सुमारे 216 मीटर आणि 0.20 मिलिमीटरची 337 मीटर मावेल. विणलेली दोरी महाग असते. म्हणून खालचा भाग जुन्या तंगुसाने भरून वर हवी तेवढीच नवी दोरी जोडणे शहाणपणाचे.

काळजी घेऊनही काही काळाने पीळ साचतो. पाण्यात गरगर फिरणारे आमिष किंवा ड्रॅग सरकत असताना फिरवत राहिलेले हँडल त्याला कारणीभूत असते. अशा वेळी गळ, शिसे, कडी सारे काढून मोकळी दोरी चालत्या होडीमागे पन्नास-साठ मीटर सोडतात. पाण्याच्या ओढीने ती ताठ राहते, मोकळे टोक हवे तसे फिरते आणि साचलेला पीळ त्या टोकाकडून बाहेर पडतो. काही मिनिटांनी ती चिमटीच्या ताणाखाली पुन्हा गुंडाळून घेतात. होडी नसेल, तर वाहत्या ओढ्याच्या किंवा नदीच्या प्रवाहातही हेच करता येते.