रुळांकडचे वर्ग

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका प्राथमिक शाळेजवळून उन्नत लोहमार्ग जातो. १९७० च्या दशकात तेथून दर साडेचार मिनिटांनी गाडी जाई आणि त्या बाजूच्या वर्गांतील आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढे. तेवढा वेळ शिक्षकांना थांबावे तरी लागे किंवा ओरडावे तरी. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांचे वाचनचाचणीतील गुण ताडून पाहिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुळांकडील विद्यार्थी मागे पडलेले आढळले. वरच्या इयत्तेत तर जवळजवळ एका वर्षाने. शाळा एकच, अभ्यासक्रम एकच; वर्गाची बाजू तेवढी निराळी.

वाचनाचा कानाशी काय संबंध, असे वाटेल. परंतु अक्षरांची ओळख होते ती उच्चार ऐकूनच. गोंगाटात स्वर तग धरतात. 'त', 'थ', 'स' यांसारखी क्षीण व्यंजने मात्र बुडून जातात. प्रौढ श्रोता निसटलेला शब्द संदर्भावरून भरून काढतो. मुलाजवळ तेवढा शब्दसंग्रह नसतो आणि शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असल्यास ही अडचण अधिकच वाढते.

पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या गेल्या, वर्गांना ध्वनिशोषक छत मिळाले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांच्या वाचनातील अंतर उरले नव्हते.