अशक्त करडू आणि त्याचे हृदय

उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नित्याचेच; परंतु त्यांतील एखादे करडू दोन घोट पिताच धापा टाकू लागले आणि त्याच्या हिरड्या निळसर दिसल्या, तर हृदयाविषयी शंका घ्यावी. पुढच्या पायांच्या कोपरांमागे, छातीच्या दोन्ही बाजूंस, बोटे टेकवली असता ठोक्यांसवे थरथर जाणवल्यास हृदयाच्या पडद्यास जन्मतः छिद्र असण्याचा संभव असतो. सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांच्या न्यूनतेनेही हृदयाचे स्नायू दुर्बल होतात. मात्र सेलेनियमची मात्रा थोडी वाढली तरी ती विषवत ठरत असल्याने पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून सेलेनियम देण्याचा इलाज मुळीच करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असे अशक्त करडू गारठले असेल, तर त्यास प्रथम गोणपाटात ऊब द्यावी, अंग ३८ अंश सेल्सियसवर आल्यानंतरच चीक पाजावा, आणि तोही थोडाथोडा, करडास उभे धरून. कारण आडवे निजवून पाजलेला चीक फुप्फुसांत उतरू शकतो.