म्हातारा बैल खात नाही, नुसता कुंथतो? तेल पाजण्याआधी लघवी बघा

भिंगार (प्रतिनिधी) : दावणीचा जुना बैल सकाळी वैरणीला तोंड लावत नाही. रवंथ बंद. शेण टाकायला कुंथतो, पण पडतं ते थोडंसं, काळपट अन् कोरडं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, पोट गच्च झालंय, तेल पाजा. कोणी गोडेतेलाची बाटली आणतं, कोणी मिठाचं पाणी करतं, दोघं जण मान वर धरतात अन् बाटली नरड्यात रिकामी होते. बऱ्याचदा बैल बराही होतो, म्हणून तर हा उपाय इतकी वर्षं टिकला. पण कुंथणारा प्रत्येक बैल शेणासाठीच कुंथतो असं नाही, आणि घोटाळा नेमका तिथंच होतो.

पोट गच्च का होतं ते आधी बघू. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या बैलाच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. तिथं चारा भिजतो, आंबतो, घोळला जातो आणि परत तोंडात येऊन बारीक चावला जातो. या कामाला पाणी लागतं, लाळ लागते आणि दाढा लागतात. म्हातारपणी दाढाच झिजतात. बैल साधारण पाच वर्षांचा होईतो जुळतो, म्हणजे समोरचे आठही दात येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बाजारात आपण वयही समोरच्या दातांवरून बघतो. चावायचं काम मात्र मागच्या दाढा करतात आणि त्या कोणी बघत नाही. दाढा गेलेला बैल घास तोंडात घोळवतो अन् अर्धवट चावलेला गोळा गव्हाणीत टाकतो. शेणात लांब काड्या तशाच दिसतात. ही खूण पोट गच्च व्हायच्या कितीतरी आधी दिसते.

त्यात आपल्याकडची वैरण. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर हा रब्बी ज्वारीचा पट्टा. मालदांडीचा कडबा चांगलाच, पण वैशाखात तो पार वाळलेला असतो. कडबा संपला की गव्हाचा भुस्सा, नाहीतर उसाचं वाडं. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, तेव्हा ऊसच चारा होता. असली कोरडी, काडीची वैरण, वर पाणी दिवसातून एकदाच, म्हाताऱ्या दाढा अन् काम नसल्यानं दिवसभर एकाच जागी उभं राहणं. एवढं जमलं की माल पुढे सरकत नाही, आतल्या आत दाबून बसतो.

जुन्या बैलांचा प्रश्न आता वाढलाही आहे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. औतातून सुटलेला बैल त्यामुळे बऱ्याचदा दावणीलाच राहतो. कामाचा नाही म्हणून त्याच्यापुढं गायींच्या गव्हाणीतलं उरलंसुरलं पडतं, तेच सगळ्यात जाड अन् कोरडं.

आता तपासायचं कसं. बैलाच्या डाव्या अंगाला, शेवटची बरगडी अन् माकडहाड यांच्या मधल्या खळग्याला भकाळी म्हणतात. तिथं मूठ दाबा. मळलेल्या कणकेसारखं लागलं आणि मुठीचा खड्डा थोडा वेळ तसाच राहिला, तर पोट गच्च आहे. ढोलासारखं ताणलेलं अन् टिचकी मारल्यावर ढबढब वाजलं, तर ती पोटफुगी. त्यात जीव गुदमरतो, थांबायला वेळ नसतो. आत पाणी डुचमळल्यासारखं लागलं, आंबूस वासाची पातळ हगवण असली अन् आदल्या दिवशी बैलानं ज्वारी, गव्हाच्या राशीत तोंड घातलं असलं, तर ते धान्याचं अजीर्ण. पोळ्याला मायेनं दहा-बारा पुरणपोळ्या चारल्यावरही हेच होतं. यात पोटात आम्ल तयार होतं, तेल पाजून काही होत नाही, उलट वेळ जातो. निरोगी जनावराच्या भकाळीवर तळहात ठेवून उभं राहिलं की मिनिटाला एक-दोनदा आतून लाट आल्यासारखी हालचाल हाताला कळते. ती बंद असली तर दवाखाना गाठायचाच.

मग लघवीचं काय? नराची मूत्रनळी लांब अन् अरुंद असते, वाटेत तिला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण असतं. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाची तर आणखी अरुंद राहते. पाणी कमी अन् भुसा-पेंड जास्त झाली की लघवीत खर जमते आणि खडा त्या वळणात अडकतो. गायीची नळी आखूड अन् रुंद असल्यानं तिला हा त्रास सहसा होत नाही. खडा अडकलेला बैलही कुंथतो, शेपटी वर धरून हलवतो, पोटावर लाथा मारतो, खात नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, शेण अडकलंय. फरक कळतो तो पोटाखाली बघितल्यावर. लघवीच्या जागचे केस कोरडे ठाक असतात, कधी केसांना वाळूसारखे कण चिकटलेले असतात, किंवा थेंब थेंब लघवी गळते. गोठ्यातली जागा रात्रभर ओली झाली का, एवढं जरी सकाळी आठवलं तरी पुष्कळ.

अशा बैलाला बादलीभर पाणी अन् जुलाब पाजणं म्हणजे फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरणं. लघवी तुंबून दोन-तीन दिवसांत मूत्राशय फुटू शकतं. फुटल्यावर बैल एकदम शांत होतो, कुंथायचा थांबतो, अन् घरचे म्हणतात उतार पडला. मग पोट खालून दोन्हीकडं पाण्यानं भरायला लागतं. तोवर ऑपरेशनची वेळ बरीचशी हातातून गेलेली असते. वेळेत नेलं तर डॉक्टर शस्त्रक्रियेनं लघवीला वाट करून देतात अन् बैल वाचतो.

भिंगारसारख्या शहराला खेटून असलेल्या गावांत आणखी एक कारण सापडतं, ते म्हणजे कॅरीबॅग. राज्यात प्लास्टिकबंदी मार्च २०१८ मध्ये आली, तरी शिळ्या अन्नाच्या गाठ मारलेल्या पिशव्या रस्त्याकडेला पडतातच. जनावर पिशवीसकट गिळतं. असा बैल आठ दिवस बरा, आठ दिवस फुगलेला, असा महिनोनमहिने खंगत जातो. औषधानं पिशवी विरघळत नाही. कोटीपोट उघडून ती काढावी लागते.

पोट खरंच गच्च असलं तर डॉक्टर जुलाबाचं मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, पातळ पॅराफिन, कोटीपोटाची हालचाल सुरू करणारं औषध अन् सलाईन यातलं काय, किती द्यायचं ते वजन बघून ठरवतात. डॉक्टर येईतो वैरण काढून घ्या, स्वच्छ पाणी पुढं ठेवा, उभा राहत असेल तर हळूहळू फिरवा, भकाळी मुठीनं चोळा. पाजायचीच वेळ आली तर नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर नेऊ नका, जीभ ओढून धरू नका, थोडं थोडं द्या, खोकला आला की लगेच मान सोडा. तेल श्वासनळीत गेलं तर खोकलाही येत नाही कधी कधी, अन् चार दिवसांनी बैल निमोनियानं जातो. खाली बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला तर काहीच पाजायचं नाही.

आणि एक. लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जनावराचीही लक्षणं हीच असतात.

जुन्या बैलाला लांब कडब्याऐवजी कुट्टी करून, पाणी शिंपडून तासभर मऊ होऊ दिलेली वैरण द्यावी. भुस्सा एकटा टाकू नये, त्यात हिरवं किंवा मुरघास मिसळावा. आपल्या दुधाच्या जिल्ह्यात मुरघास बऱ्याच गोठ्यांवर असतो, त्यातली पाटीभर बैलालाही. पाणी दिवसातून तीन-चार वेळा दाखवावं, गव्हाणीत मिठाचा खडा ठेवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दाढा बघून घ्याव्यात. टोकदार झालेल्या दाढा कानशीनं घासून देता येतात.

गावच्या दवाखान्यात कोणी भेटलं नाही तर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर फुकट लागतो. फोनवर तीन गोष्टी आधी सांगा : शेवटचं शेण कधी टाकलं, शेवटची लघवी कधी केली, अन् काल काय खाल्लं. घरी काही पाजलं असेल तर तेही लपवू नका.