परित्यागाची सूचना

सागरी विम्याच्या कायद्यात 'परित्याग' हा शब्द ज्या अर्थाने येतो तो शिडाच्या नौकेच्या धन्याच्या मनातील अर्थापेक्षा फार वेगळा आहे, आणि नौका गमावल्यानंतरचा बराचसा मनस्ताप या दोन अर्थांची गल्लत झाल्यामुळे वाढतो. खलाशाच्या लेखी नौका सोडणे म्हणजे जीव वाचवण्यासाठी तिच्यावरून उतरणे, तर विमा कंपनीच्या लेखी परित्याग म्हणजे नौकेचे जे काही उरले असेल त्यावरचा हक्क कंपनीच्या हवाली करून पूर्ण भरपाई मागणे. पहिली गोष्ट काही मिनिटांत उरकते आणि दुसरीला कागद, पुरावे व मुदती लागतात, पण मनातून नौका सुटणे ही तिसरी गोष्ट या दोहोंपैकी कोणाच्याच वेळापत्रकात बसत नाही.

गोव्यातील दिवाडी बेटावर २०१७ मध्ये बांधलेल्या 'थुरिया' या नौकेचे उदाहरण यासाठी लक्षात घेण्याजोगे आहे. ही ३२ फुटी नौका 'सुहैली'ची प्रतिकृती होती. मूळ 'सुहैली' मुंबईत सागवानी लाकडाची बांधली गेली आणि तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, एकट्याने आणि कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या प्रदक्षिणेच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी 'थुरिया' घेऊन उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने ही नौका उलथवली. ती सरळ होताना टॉमी मनगटी घड्याळाच्या पट्ट्यावर डोलकाठीला लटकत राहिले आणि पट्टा तुटताच खाली आदळून त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. डोलकाठी मोडली होती, उठून बसणेही अशक्य होते, आणि अशा अवस्थेत तीन दिवस काढल्यावर 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती नौकेने २४ सप्टेंबरला त्यांची सुटका केली. 'थुरिया' मात्र तेथेच सोडावी लागली. ती बुडालेली नव्हती. सांगाडा पाण्यावर तरंगत होता.

तरंगणारी पण हातची गेलेली नौका विम्याच्या भाषेत नेमकी कोणत्या सदरात मोडते, हा प्रश्न अशा प्रसंगी उभा राहतो. ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा आणि त्याच्या धर्तीवर झालेला भारताचा १९६३ चा कायदा हे दोन्ही संपूर्ण हानीचे दोन प्रकार मानतात. नौका नष्ट झाली, किंवा धनी तिला कायमचा मुकला, तर ती प्रत्यक्ष संपूर्ण हानी ठरते. बेपत्ता झालेल्या जहाजाची वाजवी काळ वाट पाहूनही खबर आली नाही तर हीच हानी गृहीत धरता येते. याउलट नौका शिल्लक आहे, पण तिचा नाश अटळ दिसतो म्हणून ती सोडून द्यावी लागली, किंवा ती परत मिळण्याची शक्यता उरलेली नाही, किंवा तिला वाचवून दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो, तेव्हा त्या हानीला मानीव संपूर्ण हानी म्हणतात, म्हणजे वस्तू असूनही ती गेली असे कायदा मानतो. या दुसऱ्या प्रकारात पूर्ण रक्कम हवी असेल तर धन्याला सर्वसाधारणपणे विमा कंपनीला परित्यागाची सूचना द्यावी लागते, आणि तीही विश्वसनीय खबर मिळाल्यावर विनाकारण वेळ न दवडता. ही सूचना तोंडी दिली तरी चालते, पण लेखी देण्यातच शहाणपण आहे. कंपनीचे नुसते मौन म्हणजे संमती नव्हे, आणि तिने सूचना एकदा स्वीकारली की ती मागे घेता येत नाही. व्यवहारात कंपन्या बहुधा सूचना नाकारतात, कारण स्वीकारल्यास भग्नावशेष आणि ते हटवण्याची जबाबदारी गळ्यात पडण्याचा धोका असतो. परंतु सूचना रीतसर दिली असेल तर केवळ या नकारामुळे धन्याचा हक्क बुडत नाही. नकाराचे पत्र हाती पडले की सर्व संपले असे समजून हातपाय गाळणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

नौका गेली यापेक्षा ती कशामुळे गेली यावर दाव्याचे खरे भवितव्य ठरते. 'समुद्राची संकटे' म्हणजे आकस्मिक अपघात, वारा आणि लाटांची नेहमीची क्रिया त्यात येत नाही, असे दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टांत म्हटले आहे. म्हणजे वादळात डोलकाठी मोडली तर ते संकट, पण तिला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वर्षानुवर्षे गंजत गेल्या आणि साध्या वाऱ्यातच तुटल्या तर ती झीज, आणि झिजेची भरपाई मिळत नाही. हानीच्या या सर्वांत प्रभावी कारणाला कायदा निकटकारण म्हणतो. १९८० च्या दशकात इंग्लंडच्या न्यायालयापुढे 'मिस जे जे' नावाच्या मोटर-नौकेचा खटला आला, तेव्हा सदोष आराखडा आणि प्रतिकूल समुद्र ही दोन्ही कारणे जवळजवळ सारख्याच वजनाची ठरली. सदोष आराखडा पॉलिसीतून वगळलेला नसल्यामुळे आणि समुद्राचे संकट पॉलिसीत अंतर्भूत असल्यामुळे भरपाई मंजूर झाली. या निकालाचा सामान्य धन्यासाठी अर्थ असा की पॉलिसीतील अपवादांची यादी हप्ता भरण्यापूर्वी वाचावी, आणि तारा शेवटच्या केव्हा बदलल्या, सांगाड्याची पाहणी कोणी केली, याच्या पावत्या नौकेवर न ठेवता घरी ठेवाव्यात. नौकेबरोबर बुडालेली पावती कोणाच्याच कामाची नसते.

विमा आहे म्हणून धन्याने हात झटकून बाजूला व्हावे हे मात्र कायद्याला मंजूर नाही. विमा नसता तर शहाणा माणूस जे करील तेच त्याने करावे, अशी अपेक्षा असते. बुडून वर काढलेल्या नौकेचे इंजिन हवेत जसजसे उघडे राहते तसतसे खाऱ्या पाण्याने अधिक झपाट्याने गंजते. म्हणून काही तासांच्या आत ते गोड्या पाण्याने धुणे आणि त्यात तेल भरणे हे कामही याच कर्तव्यात मोडते, आणि तशी तरतूद पॉलिसीत असेल तर त्याचा वाजवी खर्च भरपाईव्यतिरिक्त मिळतो. ज्याची नौका सकाळी गेली त्या माणसाला दुपारी कोणाच्या तरी अंगणात पाण्याची नळी धरून उभे राहावे लागते, हे निष्ठुर वाटेल, परंतु त्या पहिल्या दिवसात हातांना मिळालेले काम पुष्कळांना सावरते असे म्हणण्यास जागा आहे.

भरपाईची रक्कम ठरवण्याची रीत समजून घेणे मनासाठीही आवश्यक आहे. नौकांचा विमा पुष्कळदा ठरीव किमतीचा असतो, म्हणजे दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला आकडा, लबाडी नसेल तर, संपूर्ण हानीच्या वेळी अंतिम मानला जातो. त्या आकड्यात वर्षानुवर्षे रविवार खर्चून स्वतःच्या हाताने घासलेले लाकूड धरलेले नसते आणि ते धरता येणारही नाही. मुंबई आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील पेढ्यांमध्ये पूर्वी जी जोखमी हुंडी चालत असे तिचा हिशेब याहूनही रोखठोक होता: माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच हुंडीची रक्कम देय, आणि गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. विम्याचा उगम अशा वाटणीत आहे. तो जोखीम वाटून घेतो. दुःख वाटून घेण्याचा शब्द त्याने कधीच दिलेला नाही, आणि तपासनिसाच्या कोरड्या प्रश्नांत सहानुभूती शोधणारा माणूस दुप्पट दुखावला जातो. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास भारतात वैयक्तिक विमाधारकाला विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

नौकेबद्दलचे दुःख समाजाला लवकर पटत नाही, ही याहून अवघड बाब आहे. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली की जे भोगणाऱ्याला खरे असते, पण ज्याला आजूबाजूचे लोक दुःखाचा दर्जा देत नाहीत. माणूस वाचला, पैसे मिळाले, मग आता काय राहिले, हा प्रश्न सद्हेतूनेच विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला हे ठाऊक नसते की दीर्घ प्रवास करणाऱ्यांसाठी नौका हे घर, वाहन आणि अंधाऱ्या रात्रीची एकमेव सोबत असते. पॉलिन बॉस यांनी मांडलेली संदिग्ध वियोगाची कल्पना, म्हणजे गेलेले खरोखर गेले की नाही हेच न कळण्याची अवस्था, मुळात बेपत्ता माणसांच्या कुटुंबांविषयी आहे. तरीही समुद्रात तरंगत सोडलेल्या नौकेच्या धन्याला ती ओळखीची वाटेल.

जोशुआ स्लोकम यांचे 'अक्विडनेक' हे शिडाचे जहाज १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले तेव्हा त्याचा विमा नव्हता. त्यांनी पत्नी आणि दोन मुलांसह तेथेच 'लिबरदादे' नावाची नौका बांधली आणि तीतून अमेरिका गाठली. पुढे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले नाविक ठरले. टॉमी यांनीही कण्यात टायटॅनियमच्या सळ्या घेऊन तीच शर्यत पुन्हा लढवली आणि एप्रिल २०२३ मध्ये २३६ दिवसांनी ते दुसरे आले. परंतु प्रत्येकाने समुद्रावर परतलेच पाहिजे असा दंडक घालणे अन्यायाचे होईल.

स्लोकम यांच्या नावावरून आपल्या पोलादी नौकेला 'जोशुआ' म्हणणारे फ्रेंच नाविक बर्नार्ड म्वातेसिये यांनी वेगळा मार्ग धरला. डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोतील काबो सान लुकास येथे एका रात्रीच्या वादळाने दोन डझनांहून अधिक नौका किनाऱ्यावर फेकल्या, त्यांत 'जोशुआ' डोलकाठ्या गमावून वाळूत रुतली. तिच्यातून त्यांनी दक्षिणेकडचे महासागर पालथे घातले होते, तरी तिला पुन्हा उभे करण्याचे बळ आपल्यात उरलेले नाही हे ओळखून त्यांनी ती दोन तरुणांना जवळजवळ फुकट देऊन टाकली. तेथे कंपनीला द्यावयाची परित्यागाची सूचना नव्हती, पण परित्याग पुरा होता. त्या तरुणांनी ती वाळूतून ओढून पाण्यात घातली. पुढे १९९० मध्ये फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने तिला विकत घेतले, आणि १९९३ मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.