गोडामागून येणारे कडू

परकी चव जिभेवर आली, की आपण तिला ओळखीच्या एखाद्या पदार्थाचे नाव देऊन मोकळे होतो आणि पुष्कळदा तिथेच फसतो. तंजावरच्या एका मराठी घरी मला याचा अनुभव आला. घरातील मुलाने जपानहून आणलेली हिरव्या रंगाची चॉकलेटची वडी माझ्या हातावर ठेवण्यात आली. मी ती घाईने चावून गिळली आणि मनाशी म्हटले, 'हा तर गवताचा पाला!' घरातील आजींनी मात्र आपली वडी जिभेवर सावकाश विरघळू दिली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, की हिला कडुनिंबाच्या मोहोराच्या पचडीची आठवण येते.

आजींचे म्हणणे किती नेमके होते, हे समजण्यासाठी ती हिरवी पूड काय असते ते पाहिले पाहिजे. तिला जपानी लोक 'माच्चा' म्हणतात. तो चहाच, पण खुडणीच्या आधी सुमारे तीन आठवडे चहाची झुडपे आच्छादून सावलीत ठेवतात. ऊन न मिळाल्याने पानांत हरितद्रव्य वाढते, तुरटपणा आणणारी द्रव्ये कमी बनतात आणि थिॲनिन नावाचे रुचिद्रव्य टिकून राहते. मग पाने वाफवून, वाळवून, त्यांचे देठ व शिरा काढून टाकतात आणि उरलेला गर दगडी जात्यावर अगदी हळू दळतात. आपण चहा उकळून चोथा टाकतो. येथे पानच पोटात जाते.

ही पूड काळ्या चॉकलेटात घातली, तर कोकोपुढे तिचा रंगही टिकणार नाही आणि गंधही. म्हणून पांढरे चॉकलेट घेतात. त्यात कोकोची पूड नसते. कोकोचे लोणी, दूध आणि साखर एवढेच असते. हे लोणी शरीराच्या उष्णतेहून किंचित कमी उष्णतेला वितळते. म्हणूनच तंजावरच्या उन्हाळ्यात ही वडी शीतपेटीतून काढावी लागते. तोंडात प्रथम साखर आणि दूध जाणवते. स्निग्धांश वितळू लागला, की ओल्या पानाचा वास येतो. आणि शेवटी कडवटपणा येऊन रेंगाळतो. जो घाईने चावतो, त्याच्या वाट्याला हा क्रमच येत नाही.

हा क्रम जपानात जुना आहे. एइसाइ नावाचे बौद्ध भिक्षू 1191 साली चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आले, असे सांगतात. 1211 साली त्यांनी चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. पुढे चहापानाचा जो विधी घडला, त्यात पाहुण्याला आधी गोड पदार्थ देतात आणि मग कडू चहा. तो गोड पदार्थ बहुधा शिजवलेल्या तांबड्या कडधान्यात साखर आटवून केलेला असतो. मराठी माणसाला तो पाहताच पुरण आठवावे! ही वडी म्हणजे तोच विधी एका घासात सामावलेला. जपानात 1973 साली आलेल्या 'किटकॅट'ने 2004 साली माच्चाची वडी काढली, तेव्हा हा जुना मेळ दुकानाच्या फळीवर आला.

आता तंजावरकडे वळू. तमिळ वर्षारंभाला, एप्रिलच्या मध्यास, येथील घरोघरी कैरी, गूळ आणि कडुनिंबाचा मोहोर यांची पचडी होते. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खातात. एरवीही जवळच्या तिरुवैयारूचा मूगडाळीचा 'अशोका' हलवा खाऊन झाला, की वर कडवट फिल्टर कॉफी हवीच. आधी डाळीचे गोड, मागून कडू पेय: क्योटोतील पाहुणा येथे बिचकणार नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या पादात व्यंकोजीराजांबरोबर मराठी भाषा येथे राज्यकर्ती झाली. 1855 साली राज्य खालसा झाले. पण कित्येक घरांतून भाषा राहिली, आणि तिच्या बरोबरीने चूलही. 'डांगर पचडी' या पदार्थाच्या नावातच मराठी डांगर आणि दक्षिणेची पचडी शेजारी बसली आहेत. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या रघुनाथ पंडितांच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात जिलबीलाही स्थान मिळाले आहे. आणि जिलबीचे मूळ तर अरबांच्या 'झलाबिया'त शोधले जाते. परक्याला आत घेऊनही आपले घर आपले राहते, हे या स्वयंपाकघरांनी सिद्ध केले आहे.

आजींनी त्या हिरव्या वडीला पचडीची उपमा दिली, आणि मीही तिला गवत म्हटले होते. दोघांनीही परक्या चवीला ओळखीचे नावच दिले. फरक इतकाच, की माझे नाव दार लावण्यासाठी होते, त्यांचे पाहुण्याला आत बोलावण्यासाठी. निघताना मी दुसरी वडी मागून घेतली. या वेळी मी चावलो नाही. कडवटपणा आपल्या पावलांनी येईपर्यंत थांबलो.